हाडावरच्या दोन खाचा

मी एक जुनं उलथनं आहे. मित्रांनो, स्वयंपाकघरातलं समजू नका. मी शस्त्रक्रियेच्या खोलीतलं. माझं खरं नाव भारदस्त आहे, पण माझ्या चपट्या टोकाकडे बघून सिस्टरने मला उलथनं म्हटलं आणि तेच कायमचं चिकटलं. कपाळाची कातडी हाडापासून सोडवणं हे माझं काम. अंगावर काटा आला ना? यायलाच हवा.

कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, तेलात बुडवलं आणि दगडावर घासघासून गुळगुळीत केलं. तिथून मी या दवाखान्यात आलो. आमचे डॉक्टर उतरलेल्या भुवया वर ओढण्यात वाकबगार. केसांच्या रेषेमागे ते लहान लहान चिरा देत, एका चिरेतून बारीक कॅमेरा आत जाई आणि दुसरीतून मी. पडद्यावर बघत ते मला हाडावरून खरवडत भुवईपर्यंत नेत. चर्र असा आवाज होई. मग सैल झालेली कातडी वर ओढून टाक्यांनी बांधून टाकत. "हे हाताला बसलंय, दुसरं देऊ नका," असं ते सिस्टरना बजावत. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

एकदा एक बाई नवऱ्याबरोबर आल्या. त्या तलावावर मुलांना पोहायला शिकवत. त्यांची डावी भुवई पापणीवर उतरली होती आणि तिच्यावर जुना व्रण होता. तलावाच्या ओल्या फरशीवर पडले, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्या डॉक्टरांकडे नाही, नवऱ्याकडे बघत होत्या.

नवरा गॅरेजवाला. बोलणं मऊ, वागणं अदबीचं. डॉक्टर प्रश्न बाईंना विचारत आणि उत्तर हा देई. लोक नको ते विचारतात, चेहरा पहिल्यासारखा करून द्या, असं त्याचं म्हणणं. बाई एकदाच मध्ये बोलल्या.

"त्या बाजूचं पोर बुडायला लागलं तर मला दिसत नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी काहीही न लपवता सांगितलं. सूज येईल, डोळे मिटून जातील. निळेपणा गालांवर उतरेल. कपाळ काही महिने बधिर राहील, मग खाज सुटेल. चिरेपाशी केस विरळ होऊ शकतात. आतून रक्त साचलं, तर पुन्हा उघडावं लागेल. बाईंनी मान डोलावली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी नेहमीसारखा खरवडत पुढे गेलो. उजवी बाजू सरळ सुटली. डावीकडे मात्र मी अडखळलो. भुवईच्या वर हाडात शेजारी शेजारी दोन खाचा होत्या, कडा अजून टोकदार. थोडं वर आणखी एक खळगा लागला. तो मात्र कधीचा भरून आलेला. डॉक्टरांचा हात थांबला. पडद्याकडे बघत ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना हळूच म्हणाले, "ही फरशी नव्हे. हिला कशाने तरी मारलंय, आणि एकदाच नाही." काम संपवून त्यांनी सिस्टरना बजावलं, की बाई शुद्धीवर आल्या की आधी मीच भेटेन, नवऱ्याला आत सोडू नका.

पण नवरा कुणाची वाट बघणारा नव्हता. सिस्टर आमचा ट्रे घेऊन धुवायला निघाल्या होत्या, तेवढ्यात तो बाईंना ठेवलेल्या शेजारच्या खोलीत शिरला. बाईंचे डोळे सुजून मिटले होते, डोक्याला पट्टी होती, भूल पुरती उतरली नव्हती. तो त्यांच्या कानाशी वाकला. सिस्टर दारात पोहोचल्या होत्या, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"कुणापाशी काही बोलली नाहीस ना?"

बाईंना दिसत काहीच नव्हतं, पण तो आवाज त्यांनी ओळखला. पाणी कापून कापून घट्ट झालेला त्यांचा हात उठला आणि मूठ सरळ त्याच्या नाकावर बसली. नाक फुटलं. रक्त चादरीवर सांडलं. त्या मऊ बोलणाऱ्या माणसाने पट्टी बांधलेलं ते डोकं दोन्ही हातांत धरलं आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटलं. पुन्हा आपटायला उचललं.

सिस्टरनी आमच्यासकट ट्रे त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखतो. कात्र्या, चिमटे, सगळे जमिनीवर उधळले. तो मागे सरताना त्याचा बूट माझ्यावर पडला आणि मी मधोमध वाकलो. वॉर्डबॉय आणि डॉक्टरांनी त्याला भिंतीशी दाबून धरलं. तो ओरडत होता, की हिनेच आधी हात उचलला.

पट्टी लाल होत चालली होती. डाव्या बाजूने कपाळ फुगलं. बाईंना धावत पुन्हा आत नेलं, टाके उसवले, साचलेलं रक्त काढलं, फुटलेली शीर बंद केली. हे मी सिस्टरच्या बोलण्यातून ऐकलं. तेव्हा मी कोपऱ्यात पडून होतो, माझ्या जागी दुसरं कुणी गेलं होतं. नवऱ्याला पोलीस घेऊन गेले.

टाके काढायला बाई थोरल्या बहिणीबरोबर आल्या. गाल अजून पिवळे होते. डावी भुवई उजवीपेक्षा जराशी खाली राहिली होती. पुन्हा मार बसल्यामुळे ती तशीच राहील, पुढे दुरुस्त करता येईल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी हाडावर काय दिसलं ते सांगितलं.

"पाना होता," बाई म्हणाल्या. "कोर्टात सांगाल?"

"सांगेन."

बहिणीने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. बाईंना तो कळला नाही, कपाळ बधिर होतं. समोरच्या आरशात तो हात दिसला, तेव्हा त्यांनी बहिणीचं बोट धरलं आणि म्हणाल्या, "भुवई राहू दे अशीच. दिसतंय मला."

मित्रांनो, मी आता कामातून गेलो आहे, कपाटाच्या खणात पडून असतो. सरळ केलं तरी माझ्या पोलादावर भरवसा उरणार नाही, असं सिस्टर म्हणाल्या, आणि ते खरंच आहे. मी पुष्कळ कपाळं सोलली, पण माणसाला झोपवून, त्याला विचारून आणि नंतर शिवण्यासाठी. तुमच्या हातात पाना असो, लाकडी पट्टी असो की नुसती मूठ, ती कुणाच्या तोंडावर उगारण्याआधी एवढं ध्यानात घ्या, की कातडी आम्ही ओढून नीट बसवतो, हाड मात्र आम्हाला बदलता येत नाही.