एका दिवसात एकोणचाळीस विहिरी

मित्रांनो, दिसायला मी करंगळीएवढा, पण वयाने म्हाताराच. टोपण हरवलंय, अंगावर हळदीचे डाग आहेत. मी पेनड्राइव्ह आहे, आणि गेल्या मे महिन्यात माझ्या हातून जे घडलं त्याचा धसका अजून गेलेला नाही.

कुरुंद्याजवळच्या एका गावात हळद लावणाऱ्या चाळीस घरांचा गट आहे. प्रत्येकाच्या विहिरीवर मोटर आपोआप चालू-बंद करणारी पेटी आहे. तिला अधूनमधून नवीन सॉफ्टवेअर द्यावं लागतं. शेतात रेंज कुठली! माणसं बांधावर मोबाईल उंच धरून उभी राहायची आणि निम्म्यात तुटायचं. मग गटाचं काम बघणाऱ्या मंजुषाने युक्ती काढली. ती हिंगोलीत एकदाच सगळं उतरवून माझ्यात भरायची आणि स्कूटीवरून मला विहिरीविहिरीवर न्यायची. लोक म्हणत, "एवढंसं हाय, पण लई कामाचं!" मी फुगायचो, खोटं कशाला बोलू?

मे महिन्यात कंपनीने नवीन सॉफ्टवेअर काढलं, तेव्हा मंजुषा म्हणाली, "आधी एकाच पेटीला लावून दोन दिवस बघू."

झालं! गटाचे अध्यक्ष संपतराव उखडले. "एकालाच काहून? बाकीचे काय सावत्र हायेत? लावायचं तर सगळ्यांना बराबर, एकाच दिवशी!"

आमच्याकडे पंगतीत कुणाला आधी वाढलं तरी रुसवे होतात. मंजुषाने माझ्यातलं जुनं पुसून नवीन भरलं आणि आम्ही एका दिवसात एकोणचाळीस पेट्या केल्या. रुक्माबाई तेवढ्या नरसीला लेकीकडे गेल्या होत्या. त्यांच्या पेटीला कुलूप होतं.

सकाळी लाईन आली आणि एकही मोटर उचलेना! हाताने बटण दाबलं तरी नाही. अरे देवा, एकोणचाळीस विहिरी, आणि मीच! नव्या सॉफ्टवेअरला आमच्याकडचं कमी होल्टेज म्हणजे बिघाड वाटत होता. बाहेर त्रेचाळीसचं ऊन, आणि जमिनीत हळदीचे नुकते फुटलेले कोंब. कंपनीत कुणी फोन उचलेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणाच्या तरी ध्यानात आलं, की रुक्माबाईंच्या शेतात पाणी चालूच आहे. मंजुषा नरसीला जाऊन किल्ली घेऊन आली. त्यांच्या पेटीतलं जुनं सॉफ्टवेअर तिने माझ्यात घेतलं आणि पुन्हा विहिरीविहिरीवर फिरली. स्वतःच्या घरची पेटी तिने सगळ्यांत शेवटी केली.

तोवर उशीर झाला होता. तिच्या आईने, सिंधूबाईंनी माती उकरली. कोंब काळे पडले होते.

"आपली पेटी शेवटी काहून केलीस गं?"

मंजुषा रडतच म्हणाली, "शेवटी केली त्याचं न्हाई, आई. ते नवीन आधी आपल्याच पेटीला लावून बघायला पाहिजे होतं. संपतराव ओरडले आन् मी भ्याले."

मित्रांनो, नवीन काही आलं तर आधी एका ठिकाणी लावा, थांबा, बघा. जुनं लगेच पुसू नका. आणि तुमच्यातली एखादी मंजुषा "आधी बघू" म्हणाली, तर कृपा करून तिच्यावर ओरडू नका.