पाच जणांचं तिकीट

विनिताने जर्मनीच्या नकाशात पट्टीचं एक टोक फ्रँकफुर्टच्या ठिपक्यावर टेकवलं आणि दुसरं ड्रेस्डेनकडे फिरवलं.

“सरळ रेषेत एवढंच आहे, काका. पण गाडी सरळ रेषेत जात नाही.”

“कुठलीच जात नाही,” आत्माराम सापळे म्हणाले. “आता दुबई-शारजा बघ. सरळसोट रस्ता. तरी रोज दीड तास.”

त्यांच्या पत्नी कमलिनी काहीच बोलल्या नव्हत्या. आल्या आल्या त्यांनी समोरची खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या कडेला नेली होती आणि भिंतीकडे पाठ करून बसल्या होत्या. एसीचा झोत लागत असेल, असं विनिताला वाटलं. पर्स मांडीवर धरून त्या काचेतून खाली बघत होत्या. दुबईतल्या देरा भागातली गुरुवारची दुपार होती. अर्ध्या दिवसाचं ऑफिस आटपून माणसं टॅक्सीसाठी रस्त्याच्या कडेला उभी होती.

विनिता पुण्याहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. मामाच्या ओळखीने वर्षापूर्वी या ट्रॅव्हल एजन्सीत लागली होती. विमानाच्या तिकिटांत तिला रस वाटत नसे. मुंबई, कोची, कराची, पुन्हा मुंबई. रेल्वेचं गिऱ्हाईक मात्र महिन्यातून एखादंच येई, आणि त्या दिवशी ती युरोपच्या गाड्यांचं जाडजूड टाइमटेबल कपाटातून बाहेर काढी. ते तिने घरी नेऊन वाचलंही होतं. कॉलेजात असताना जर्मनची एक परीक्षा दिली होती, तिचा उपयोग एवढाच की स्टेशनांची नावं नीट उच्चारता येत.

“सर, ये लड़की टिकट नहीं बेचती, लेक्चर देती है,” पलीकडच्या टेबलावरून मॅनेजर जमालभाई म्हणाले. “पहले चाय पी लीजिए. यल्ला, विनिता, चाय बोलो.”

“लेक्चर चांगलं आहे,” आत्माराम म्हणाले. “मी पर्चेसमध्ये आहे. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय खिळासुद्धा घेत नाही. हं, पहिलं सांग.”

विनिताने सांगितलं. पहिला पर्याय पासचा. दोघांचा मिळून पास काढला तर दुसरा माणूस स्वस्तात जातो. अट एकच, दोघांनी सगळा प्रवास बरोबरच करायचा.

“बरोबरच आहोत,” आत्माराम म्हणाले.

कमलिनी खाली रस्त्यावर बघत होत्या.

“पण पास कमीत कमी चार दिवसांचा असतो. तुम्ही गाडीत बसणार दोनच दिवस. म्हणजे निम्मा पास फुकट. दुसरं, साधं रिटर्न तिकीट. यातही सोबतच्या माणसाला सवलत आहे. जलद गाडी, पाच तासांत पोचाल. मला हे जास्त बरोबर वाटतं.”

“आणि तिसरं?”

“तिसरं तुमच्या कामाचं नाही. गंमत म्हणून सांगते.” विनिताच्या आवाजात उत्साह आला. “वीकएंड तिकीट. पस्तीस मार्क फक्त. दिवसभर पूर्ण देशात कुठेही फिरा. आणि एका तिकिटावर पाच माणसं.”

आत्मारामांनी कॅल्क्युलेटर ओढला, पण त्याची गरज पडली नाही. “त्र्याहत्तर दिरहम. म्हणजे आठशे-साडेआठशे रुपये. दोघांचे?” ते खुर्चीत पुढे सरकले. “मग हेच कर की! आपण गुरुवारी सकाळी उतरतोय. गुरुवार जाताना, शुक्रवार येताना. वीकएंडमध्ये बरोबर बसतं.”

“काका, तिथला वीकएंड शनिवार-रविवार.”

ते थांबले. इथल्या पंधरा-सोळा वर्षांत वीकएंड म्हणजे गुरुवार-शुक्रवार हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की जगात कुठे तो वेगळा असेल हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

“मग खलास,” ते म्हणाले. “दोन नंबरचं कर.”

“शनिवारी जाऊ या,” कमलिनी म्हणाल्या.

इतका वेळ गप्प असलेल्या माणसाचा आवाज थोडा घोगरा असतो, तसा तो होता.

“शनिवारी मला ड्युटी आहे.”

“रजा वाढवा.”

“अगं, पण कशासाठी? हिला विचार. विनिता, त्या तिकिटावर जलद गाडी चालते?”

“नाही,” विनिताने खरं ते सांगितलं. “फक्त लोकल आणि पॅसेंजर. नऊ तास लागतील. फुल्डा, बेब्रा, एरफुर्ट, लाइपझिग, चार-पाच ठिकाणी उतरून गाडी बदलायची. सामान घेऊन जिने चढायचे. काकू, तुम्हाला त्रास होईल. आणि ते पाच जणांचं तिकीट. तुम्ही दोघंच.”

“ऐक,” आत्माराम म्हणाले.

“सिद्धार्थ तसाच जायचा,” कमलिनी म्हणाल्या.

आत्मारामांनी विनिताच्या पुढ्यातली पट्टी उचलली आणि टेबलाच्या कडेला समांतर ठेवली.

“मुलगा का तुमचा?” विनिताने विचारलं. “तिथे असतो?”

“शिकत होता.”

विनिताच्या कानाने तो ‘होता’ टिपला, पण अर्थ चुकीचा लावला. “मग आता कुठे असतो?”

जमालभाईंचा प्रिंटर कुठलं तरी तिकीट छापत होता.

“जानेवारीत गेला,” कमलिनी म्हणाल्या. “सायकलवरून खोलीवर येत होता. रस्त्यावर बर्फ होता.”

विनिताची नजर त्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली. तिथे एजन्सीचं मोठं पोस्टर होतं. पांढरेशुभ्र डोंगर, बर्फातून वाट काढणारी लाल गाडी. मूळ जागी खुर्ची राहिली असती, तर ते बरोबर कमलिनींच्या डोळ्यांसमोर आलं असतं.

“सॉरी, काकू,” ती म्हणाली.

“दोन खोकी आहेत त्याची,” आत्माराम पट्टीकडे बघत म्हणाले. साइटवरच्या मालाबद्दल बोलावं तसे. “पुस्तकं, कपडे. घरमालकिणीने ठेवलीत सांभाळून. कार्गोने आली असती. जाऊन काय करायचंय? पण हिला जायचंय. म्हटलं, चल. जायचं, घ्यायचं, यायचं.”

“दर शनिवारी भटकायचा,” कमलिनी विनिताला सांगू लागल्या. त्यांनी पर्स प्रथमच टेबलावर ठेवली. “एकट्याने पस्तीस मार्क परवडायचे नाहीत. मग स्टेशनवर जाऊन उभा राहायचा. ज्यांचं पाच जणांचं तिकीट असेल आणि माणसं कमी असतील, त्यांना विचारायचा, मला घेता का म्हणून. फोनवर हसायचा. म्हणायचा, आई, बाबांना सांग, त्यांची कार लिफ्ट इथे ट्रेनमध्ये चालते.”

आत्मारामांची कार लिफ्ट शारजाच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होती. निस्सान सनी, महिन्याच्या बोलीवर चार ठरलेले पॅसेंजर, सकाळी दुबईला, संध्याकाळी परत. सीट रिकामी जाता कामा नये. पण वाटेत कोणी हात केला, तरी गाडी थांबायची नाही. अनोळखी माणूस नको, हा त्यांचा नियम होता. मुलाचं तेरावं झालं, गावाहून ते परत आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्या वेळेला सनी खाली उभी होती.

“मी तेव्हाही म्हटलं होतं,” ते म्हणाले. “ओळख ना पाळख, कोण घेणार आपल्या तिकिटावर?”

“घ्यायचे. दर शनिवारी कोणी ना कोणी घ्यायचं.” कमलिनी विनिताकडे वळल्या. “मला वाक्य शिकवलं होतं त्याने. हाबेन झी नोख आइनेन प्लात्स?”

शाळेतली मुलगी पाठ केलेलं म्हणते तसं, एकही शब्द न गाळता त्यांनी ते म्हटलं. विनिताला एवढं जर्मन येत होतं. तुमच्याकडे अजून एक जागा आहे का?

“बरोबर आहे, काकू,” ती म्हणाली.

“काय बरोबर आहे?” आत्मारामांचा आवाज चढला, आणि जमालभाईंनी मान वर केली तसा लगेच खाली आला. “दोन माणसं, पाच जागा. तीन जागा रिकाम्या घेऊन नऊ तास हिंडायचं?”

“म्हणूनच,” कमलिनी म्हणाल्या.

आत्माराम उठले. घड्याळात बघितलं. “गाडीत माणसं थांबलीत. विनिता, विमानाचं बुकिंग आहे तसं ठेव. रेल्वेचं दोन नंबर. शनिवारी संध्याकाळी पैसे आणून देतो.”

चहा तसाच राहिला होता. कमलिनींनी उभं राहून तो अर्धा प्यायला, कोणाला वाईट वाटू नये म्हणून, आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरल्या.

त्या गेल्यावर विनिताने टाइमटेबल मिटलं नाही. शुक्रवारच्या सुट्टीत ती ते पुन्हा घरी घेऊन गेली.

शनिवारी संध्याकाळी आत्माराम एकटेच आले. हातात ऑफिसची काळी बॅग होती. ती त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. बसता बसता त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. पोस्टरच्या जागी रंग न उडालेला स्वच्छ चौकोन आणि चार खिळे होते. त्यांनी विनिताकडे बघितलं. ती कीबोर्डवर काहीतरी शोधत होती.

“फ्लाइट बदलता येईल?” त्यांनी विचारलं. “शुक्रवारी उतरायचं. म्हणजे शनिवारी सकाळची गाडी.”

“येईल. जागा आहेत. पण परतीचं तिकीट, तुमची ड्युटी...”

“मुदीरला सांगितलं आज.” मुदीर म्हणजे त्यांचा वरचा साहेब, शारजातला म्हातारा अरब. “त्याला ठाऊकच नव्हतं. जानेवारीत मी घरचं काम आहे एवढंच सांगून गेलो होतो.” त्यांनी टेबलावरची पट्टी सरळ केली. “खुर्चीतून उठून आला. हाताला धरून बसवलं मला. म्हणाला, पाहिजे तितके दिवस जा.”

विनिताने तारखा बदलल्या. खालून हॉर्न ऐकू आला. आत्मारामांनी काचेतून बघितलं.

“माझ्या गाडीतला गुणवंत आहे. त्याला घाई असते. मी कधी उशीर करत नाही ना.”

“रेल्वेचं मात्र मला काढता येणार नाही, काका. ते वीकएंड तिकीट इथे मिळत नाही. तिथे स्टेशनवरच घ्यायचं.”

“कमीशन भी नहीं, फिर भी दो दिन से पढ़ रही है,” जमालभाई पलीकडून म्हणाले, पण हळू.

विनिताने ड्रॉवरमधून एक कागद काढून पुढे सरकवला. गाड्यांच्या वेळा तिने स्वच्छ अक्षरात लिहिल्या होत्या. आत्मारामांनी चष्मा लावून, पर्चेसच्या माणसाच्या सवयीने वरून खाली तपासत आणल्या, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“इथे चुकलंय. बेब्राला उतरल्यावर लगेच गाडी आहे ती सोडलीस. पुढची धरलीस. एरफुर्टला पण तेच. नऊचे साडेदहा तास झाले.”

“चुकलं नाही,” विनिता म्हणाली. “लगेचची गाडी पकडायची तर धावावं लागतं. असं केलं तर प्रत्येक स्टेशनवर थोडा वेळ प्लॅटफॉर्मवर उभं राहता येईल.”

त्यांचं बोट त्या ओळीवरच राहिलं. मग त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि खिसा वरून चाचपला.

“एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “ते वाक्य. ही घरात म्हणत असते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. पण तिला प्रश्नच येतो नुसता. तो विचारणारा होता ना, त्याने प्रश्नच शिकवला.” त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “आता तिकीट आपलं. कोणी येऊन विचारलं, तर आपण काय म्हणायचं?”

“या,” विनिता म्हणाली.

आत्माराम चटकन मागे वळले. कोण आलं ते बघायला दाराकडे नजर टाकत त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलली आणि येणाऱ्याला बसायला जागा केली.

दारात कोणी नव्हतं.

“कोण आलं?”

“कोणी नाही, काका.” विनिता एकेक शब्द सुटा करून बोलली. “उत्तरच ते आहे. जर्मनमध्ये हो म्हणायचं असलं, की ‘या’ म्हणतात.”

बॅग त्यांच्या हातातच राहिली.

“म्हणजे हा विचारायचा,” ते सावकाश म्हणाले, “आणि ते लोक त्याला...”

“हो.”

“दर शनिवारी?”

“काकू म्हणत होत्या तसं. कोणी ना कोणी.”

ते पुन्हा दाराकडे बघत राहिले. मग ओठांतल्या ओठांत त्यांनी तो शब्द म्हणून बघितला. “या.” जर्मन माणूस म्हणतो त्यापेक्षा तो लांब होता, थोडा पुढे वाकून म्हटलेला, घराच्या दारात उभं राहून म्हणतात तसा. विनिताने उच्चार सुधारला नाही.

पण माहिती अर्धी ठेवायची तिला सवय नव्हती. “आणि घ्यायचं नसेल,” ती म्हणाली, “तर म्हणायचं...”

“ते राहू दे,” आत्माराम म्हणाले.

खाली गुणवंतने पुन्हा हॉर्न वाजवला. ते उठले नाहीत. बॅग मांडीवर घेऊन, शेजारची खुर्ची मोकळी ठेवून, ते थोडा वेळ तसेच बसून राहिले.