नियम क्रमांक चार

सुमती इंगवलेच्या घरात सर्वोच्च न्यायालय एकच होतं आणि ते रोज सकाळी दहाला काळा कोट हातावर टाकून पनवेलच्या कोर्टात वकिली करायला जायचं. ॲडव्होकेट उदयसिंह इंगवले. तेवीस वर्षांच्या संसारात सुमतीचा एकही निर्णय त्यांच्याकडे अपिलात गेल्याशिवाय अमलात आला नव्हता. पडदे निळे घ्यायचे की पिवळे, लेकीला, इराला, सायन्सला घालायचं की कॉमर्सला, गणपतीला मोदक उकडायचे की तळायचे, सगळं आधी त्यांच्या पुढ्यात. बरं, माणूस सरळ 'नाही' म्हणायचा नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ते म्हणायचे, "यात दोन-तीन मुद्दे आहेत. बघू." आणि मुद्दे बघता बघता पडदे विटून जायचे.

सध्या असाच एक कागद बघायचा राहिला होता. पोस्टाच्या काउंटरवर अठरा वर्षं काढल्यावर सुमतीला उरणला सबपोस्टमास्तर म्हणून बढती आली होती. होकार सोमवारपर्यंत कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. महिनाभर उदयसिंहांचे मुद्दे चालले होते. एसटीची वेळ हा एक मुद्दा, इराची बारावी हा दुसरा आणि संध्याकाळचा स्वयंपाक हा तिसरा, जो ते तोंडानं म्हणायचे नाहीत पण चेहऱ्यावर दिसायचा. सुमतीला ती खुर्ची हवी होती. अगदी मनापासून हवी होती. रात्री ती डोळे मिटून उरणच्या पोस्टातल्या टेबलावरचे शिक्के ओळीनं लावून ठेवायची.

गंमत अशी, की बाहेरच्या सर्वोच्च न्यायालयावर उदयसिंहांचा भारी राग. साल सत्त्याण्णव. ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कोर्टानं नोकरीच्या ठिकाणी बायकांना त्रास होऊ नये म्हणून स्वतःच नियम घालून दिले आणि संसद कायदा करेपर्यंत हाच कायदा समजा म्हणून सांगितलं. उदयसिंहांनी पेपर आपटला.

"नियम उत्तम आहेत. त्यातला एक शब्द मी बदलणार नाही. पण ते करणारे हे कोण? न्यायाधीशानं लिहिलेलं वाचावं, अर्थ लावावा आणि घरी जावं. कायदा करायचा तो संसदेनं!"

"मग संसदेनं पन्नास वर्षं काय केलं?" सुमतीनं विचारलं.

"तो मुद्दा वेगळा आहे."

हे भाषण त्यांनी जिन्यात केलं, दूधकेंद्रावर केलं, न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या दाढीनं केलं. शेवटी सोसायटीचा वॉचमन बळीरामसुद्धा सकाळी ड्युटी संपली की काठी कोपऱ्यात ठेवून म्हणायला लागला, "अर्थ लावावा आणि घरी जावं."

अशात सोसायटीचे गणपती आले. नवीन पनवेलची सोसायटी, गाड्या उभ्या करायच्या जागेत मांडव, आणि शनिवारी संध्याकाळी 'पुरुषांसाठी विनाअग्नी पाककला स्पर्धा'. सेक्रेटरी कमळाकर जोगळेकरांनी कार्डशीटवर हिरव्या स्केचपेननं चार नियम लिहून खांबाला टांगले होते. एक, वेळ पाऊण तास. दोन, विस्तव वापरू नये. तीन, पदार्थ स्पर्धकाने स्वतः करावा. चार, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

परीक्षक म्हणून जुन्या पनवेलातल्या गृहशास्त्राच्या बाई यायच्या होत्या. त्यांना ऐन वेळी ताप आला आणि जोगळेकरांनी माईक सुमतीच्या हातात कोंबला.

"अहो, पण हे स्पर्धेत आहेत," सुमती म्हणाली.

"म्हणूनच तर, वहिनी. तुम्ही त्यांची बाजू घ्याल अशी भीती कुणालाच नाही."

सगळा मांडव हसला. सुमतीनं तो चौथा नियम वाचला, मग पुन्हा वाचला. असल्या शेकडो पत्रकांवर तिनं हे वाक्य पाहिलं होतं, पण ते आपल्याबद्दल असू शकतं हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. अंतिम राहील! काय गोड शब्द होता.

पाच स्पर्धक टेबलांमागे उभे राहिले. शिट्टी वाजली. सुरी कांद्याला लागायच्या आत उदयसिंहांचा हात वर.

"परीक्षक महोदया, हरकत आहे. स्पर्धक क्रमांक दोन यांच्या पदार्थाला."

स्पर्धक क्रमांक दोन म्हणजे धर्मराज घरत. मूळचे कोन गावचे. गावची जमीन गेली तिच्या मोबदल्यात सोसायटीत दोन फ्लॅट घेतलेले, गळ्यात जाड चेन आणि समोर भेळीसाठी परातभर चुरमुरे. गेल्या वर्षी संगीत खुर्चीत शेवटच्या खुर्चीवरून त्यांनी उदयसिंहांना कुल्ल्यानं ढकलून पाडलं होतं, आणि ते प्रकरण उदयसिंहांच्या मनात अजून न्यायप्रविष्ट होतं.

"चुरमुरे भट्टीत भाजतात," उदयसिंह म्हणाले. "भट्टीत विस्तव असतो. नियम दोन, विस्तव वापरू नये."

"पण भट्टी इथं कुठं आहे?" सुमती म्हणाली.

"नियमात 'इथं' हा शब्द आहे का? नाही. तो तू पदरचा घालू शकत नाहीस. घातलास तर तो नवा नियम झाला, आणि नियम करायचा अधिकार कमिटीचा. तू फक्त अर्थ लावायचास."

"आणि घरी जायचं," मागून बळीराम म्हणाला.

धर्मराजनी परात बाजूला सरकवली. "वकीलसायेब, तुमी काय करताव?"

"दडपे पोहे."

"मंग भात भाजल्याबिगर पोहा होतो व्हय? आमी शेतकरी मानसं, आमाला नका शिकवू. भात भिजवायचा, भाजायचा, मंग कांडायचा. तुमचा पोहा बी भट्टीतूनच आला हाय."

मांडवात टाळ्या पडल्या. आता खरं म्हणजे उदयसिंहांनी इथं थांबायला हवं होतं. पण तत्त्वाचा माणूस एकदा उताराला लागला की त्याला धरणार कोण? ते म्हणाले, नियम सर्वांना समान. मग श्रीखंडवाले बाद झाले, कारण चक्का तापवलेल्या दुधाचा आणि साखर कारखान्याच्या कढईतली. शिकरणवाल्यांनी केळं सोलता सोलता खाली ठेवलं. पाचवे होते काकडीच्या कोशिंबीरवाले बँकेतले निनाद साने, त्यांनी घाबरत विचारलं, "मीठ तरी चालेल ना?"

"मीठ चालंल!" धर्मराज गरजले. "आमच्या बापाचं मिठागर व्हतं. निस्त्या उन्हावर तयार होतंय मीठ. विस्तव नाय न काय नाय."

"पण सूर्य म्हणजे अग्नीच की," कुणीतरी पहिल्या रांगेतून शंका काढली.

सगळे उदयसिंहांकडे बघायला लागले. त्यांनी घाम पुसला आणि जड आवाजात म्हणाले, "तत्त्वतः, हो."

"म्हणजे राहिलं काय?" जोगळेकर रडकुंडीला आले. "पहिलं बक्षीस काकडीला द्यायचं? एकात एक बसणारे तीन स्टीलचे डबे आणलेत मी!"

वेळ चालली होती. उदयसिंहांनी आपल्या पोह्यांकडे पाहिलं. पातळ पोहे, ओलं खोबरं, बारीक कांदा, लिंबू. इराला साक्षीला बसवून आठवडाभर त्यांनी कांदा चिरायचा सराव केला होता, बोटाला अजून पट्टी होती. हा पदार्थ बाद होणं त्यांना सोसवेना. त्यांनी घसा साफ केला, आणि तेवीस वर्षांत सुमतीनं जे ऐकलं नव्हतं ते ऐकलं.

"नियमाचा नुसता शब्द बघून चालत नाही. हेतू बघावा लागतो. मांडवाला आग लागू नये एवढाच कमिटीचा हेतू असणार. तेव्हा परीक्षकांनी नियम दोनची वाजवी व्याख्या करावी."

"म्हणजे नियमात नसलेले शब्द मी घालू?"

"घालावेत."

"मग तो नियम मी केला असं होईल."

"होईल. काय करणार? शेवटचा शब्द ज्याचा, नियम त्यानंच केल्यासारखा होतो. नाव काहीही द्या."

"हे जरा माईकवर म्हणाल का?" सुमतीनं माईक पुढे धरला. "मागच्या लोकांना ऐकू आलं नसेल. आणि अपिलाचं काय, तेही सांगा."

उदयसिंहांनी एकदा पोह्यांकडे पाहिलं आणि माईकमध्ये म्हणाले, "परीक्षकांचा निर्णय अंतिम आहे. त्यावर अपील नाही. नियमात लिहिलेलं असो वा नसो." आवाज पार हायवेपर्यंत गेला असेल.

सुमतीला आत कुठंतरी उकळी फुटली, पण चेहरा तिनं पोस्टाच्या खिडकीतला ठेवला. "निर्णय ऐका. विस्तव म्हणजे या मांडवात, या पाऊण तासात पेटवलेला विस्तव. भट्ट्या, कारखाने आणि सूर्य यात धरू नयेत. चला, करा सुरू!"

मांडवात जल्लोष झाला. निनाद सान्यांनी तर मीठ दोनदा घातलं.

पाऊण तासानं सुमती चमचा घेऊन फिरली. उदयसिंहांच्या टेबलाशी आली तेव्हा त्यांनी विजयी मुद्रेनं स्टीलच्या वाटीवरचं झाकण काढलं आणि पोह्यांवर फोडणी ओतली. हिंग, कढीपत्ता, कुस्करलेली सांडगी मिरची. सुमती थबकली. तिनं वास घेतला. सकाळी कोशिंबिरीसाठी करून झाकून ठेवलेली फोडणी दुपारी वाटीसकट गायब झाली होती, आणि तिनं खालच्या मजल्यावरच्या मांजराच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या.

"ही फोडणी कुणी केली?"

"घरून आणली आहे. मांडवाबाहेर केलेली, म्हणजे तुझ्याच व्याख्येत बसते."

"मी नियम तीनबद्दल विचारतेय. कुणी केली?"

उदयसिंहांनी वाटीवर पुन्हा झाकण ठेवलं. मग म्हणाले, "न्यायाधीश आणि साक्षीदार एकच व्यक्ती असू शकत नाही."

"मंग आमी साक्ष देताव," धर्मराज म्हणाले. "वकीलसायबाला फोडनी येत आसंल तर आमी भेळ परातीसकट खाताव."

सुमतीनं पोहे खाल्ले. फार सुंदर झाले होते, कांदा तर एकसारखा चिरलेला. तिला नवऱ्याचा एकदम लोभ वाटला. पण लोभ वेगळा आणि नियम तीन वेगळा. ती माईकपाशी गेली.

"पहिला क्रमांक, धर्मराज घरत. दुसरा श्रीखंड, तिसरं शिकरण. कोशिंबीर खारट. दडपे पोहे बाद, कारण त्यातला जीव माझा आहे."

धर्मराजनी भेळीची परात डोक्यावर घेऊन एक गिरकी मारली. उदयसिंह ताडकन उठले, बोट वर केलं, तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. अपील नाही म्हणून हायवेपर्यंत कुणी ओरडून सांगितलं होतं, हे त्यांना आठवलं असावं. ते खाली बसले.

सुमतीनं माईक परत द्यायला हात पुढे केला. जोगळेकरांनी तो धरलाही. पण तिच्यानं सोडवेना. सोमवार परवावर आला होता.

"दुसरा निर्णय," ती म्हणाली. "उरणची बढती मी घेतेय. सोमवारी सकाळी होकार देणार आहे."

स्पीकरची खरखर तेवढी ऐकू येत होती. जोगळेकर कुजबुजले, पण माईक मध्येच असल्यानं ते सगळ्यांनी ऐकलं. "वहिनी, हे स्पर्धेच्या कक्षेत येतं का?"

सुमतीनं खांबावरच्या कार्डशीटकडे बोट दाखवलं. "परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील, एवढंच लिहिलंय. कशाबद्दलचा, ते लिहिलेलं नाही. आणि मी शब्द पदरचे घालायचे नाहीत, नाही का?"

आधी बायका हसल्या, मग सगळेच. इरा खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. सुमती मात्र हसत नव्हती. ती उदयसिंहांकडे बघत होती. आता हे उठणार. दोन-तीन मुद्दे आहेत म्हणणार. चारचौघांत म्हणणार, आणि आपण माईक हातात घेऊन इथं उभ्या.

उदयसिंह खरंच उठले. चालत माईकपाशी आले. बोटाची पट्टी चाचपली.

"एक विचारायचं होतं."

"अपील नाही," सुमती म्हणाली.

"अपील नाही गं." ते माईकपासून तोंड लांब नेऊन बोलत होते, पण माईक चांगला होता, सगळं ऐकू गेलं. "पहिल्या दिवशी उरणपर्यंत सोडायला आलो, तर चालेल?"

तेवीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच तिला काहीतरी विचारत होता. सुमतीनं माईक बंद करायचं बटण शोधलं, ते काही सापडलं नाही. शेवटी तिनं माईक पदरात धरला आणि म्हणाली, "या."