वरून पहिलं बटन

तो आवाज मंजुषाला कुठेही गाठायचा. ग्रामपंचायतीतल्या प्रिंटरमधला कागद संपला की तो तसाच ओरडायचा, वर्ध्याच्या एसटीत कंडक्टरचं तिकिटाचं यंत्र तसंच वाजायचं. एकदा दवाखान्यात कुणाच्या तरी खाटेजवळचं मशीन तसं वाजलं, तेव्हा ती हातातला डबा तिथेच टाकून व्हरांड्यात पळाली होती. लांबलचक, सरळ, टूंऽऽ. मतदानाच्या मशीनचा आवाज. बाकीच्यांना तो ऐकून बरं वाटतं, आपलं मत पोचलं म्हणतात. मंजुषाला मात्र तो सोसायचा नाही, आणि दोन वर्षांत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्याला, धनंजयलासुद्धा नाही.

गंमत बघा, चिंचधऱ्यात या मशीनचं कौतुक सर्वांत जास्त तिनेच केलं होतं. पवनारच्या पलीकडे, धाम नदीच्या काठावरचं हे गाव. इथल्या ग्रामपंचायतीत मंजुषा संगणक परिचालक. सरपंचपदाची पोटनिवडणूक लागली तेव्हा ती पुठ्ठ्याचं खोटं मशीन काखेत मारून घरोघर हिंडली. शिक्का चुकायचा नाही, मत बाद व्हायचं नाही, पेटी कुणी पळवायचं नाही, हे तिने म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठ करून टाकलं. कागदाच्या काळात इथे एक माणूस दाराशी बसायचा आणि बायांच्या हातातली मतपत्रिका घेऊन म्हणायचा, "द्या बाई, मी मारतो शिक्का, तुमी कायले तरास घेता." बायाही देऊन टाकायच्या. आता ते बंद झालं होतं. त्या पोटनिवडणुकीत गावात एक्याण्णव टक्के मतदान झालं, तालुक्यात सर्वांत जास्त. मंजुषाला प्रमाणपत्र मिळालं आणि धनंजयने ते हौसेने टीव्हीच्या वर टांगलं.

त्या प्रमाणपत्राकडे ती बघत नसे.

आता विधानसभा आली होती. पंच्याऐंशीच्या पुढच्यांचं मत घरी येऊन घेतात, म्हणून शाळेतले गुरुजी यशोदाबाईंचा फॉर्म भरून घ्यायला आले. यशोदाबाई म्हणजे मंजुषाची सासू. वय शहाऐंशी, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

"घरी कागद देता काय?" त्यांनी विचारलं.

"हो आजी. पाकिटात बंद करून नेतो आमी."

"मले नाई पाह्यजे. मले मशीन पाह्यजे. आवाज आला म्हणजे कळते."

"मग सूनबाईले घेऊन या सोबत, मागच्यावानी."

"नाई," यशोदाबाई म्हणाल्या. "यंदा मी एकटी जाईन."

मंजुषा चहाचा कप घेऊन दारातच उभी राहिली. गुरुजी हसले, म्हणाले, बटनाशेजारी उठलेले आकडे असतात, बोटाला लागतात, जमेल आजीला. ते गेल्यावरही ती तशीच उभी होती. एकटी काऊन, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही. एवढंसं विचारायला ती का भ्यायली, ते आता सांगायलाच हवं.

त्या पोटनिवडणुकीत दोघं खरे उमेदवार होते. एक प्रभाकरराव, गावातलं वजनदार माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. दुसरी जया. तिचा नवरा गोपाल रोज सकाळी मोटारसायकलवर दुधाच्या कॅन लादून वर्ध्याला जायचा. वाटेत नाला होता आणि नाल्यावर रपटा, म्हणजे पाऊस झाला की पाण्याखाली जाणारा बुटका पूल. जयाने एकच गोष्ट कबूल केली होती, निवडून आले तर रपटा उंच करून घेईन. यशोदाबाईंचं मत पहिल्या दिवसापासून तिला होतं, आणि हे त्यांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगून ठेवलं होतं.

मतदानाच्या चार दिवस आधी प्रभाकरराव ग्रामपंचायतीत येऊन मंजुषासमोर बसले. त्यांनी तिच्या कामाची तारीफ केली.

"तुमचं कंत्राट मार्चात संपते ना, मंजुताई? पुढं वाढवायचं त सरपंचाची सही लागते." चहा बशीत ओतत ते म्हणाले, "तुमच्या वॉर्डात दीडशेच मतं हायेत. पहिले सगळ्या पेट्यांतले कागद कालवून मोजता येत होते, आता मशीन वॉर्डाचा आकडा येगळा दाखवते. कोनतं घर सरकलं ते मले बसल्या जागी कळते. धनंजयचं त आमालेच असते, तुमच्या घरची बाकीची दोन मतंही मी धरली हायेत बरं."

ते तिला काही घरात डोकावून बघणार नव्हते, हे तिलाही कळत होतं. पण धनंजय कापसाच्या जिनिंगमध्ये, तेही हंगामापुरता. बारा महिने घर चालायचं ते तिच्या खुर्चीवर.

तिने स्वतःचं मत प्रभाकररावांना दिलं. ते तिचं होतं, तिने दिलं. मग सासूचा सोबती म्हणून तिने कागदावर सही केली, की मी या मतदाराच्या म्हणण्याप्रमाणेच मत देईन, आणि यशोदाबाईंना धरून आडोशामागे नेलं. जयाचं नाव सर्वांत वर होतं. प्रभाकररावांचं तिसरं. यशोदाबाईंनी बोट पुढे केलं, लहान पोर नखं कापायला हात पुढे करतं तसं, बिनघोर. मंजुषाने ते बोट धरलं आणि तिसऱ्या बटनावर दाबलं.

टूंऽऽ.

"झालं?" यशोदाबाईंनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

मोजणीत जयाला तीनशे बारा आणि प्रभाकररावांना तीनशे बारा. तहसीलमध्ये सगळे चक्रावले. एवढं मशीन आणलं, एवढी माणसं रांगेत उभी केली, आणि शेवटी बरणीत दोन चिठ्ठ्या टाकून एक उचलली. प्रभाकररावांची निघाली. गाव म्हणालं, नशीब. मंजुषाला एकटीला माहीत होतं की यात नशिबाचा काही संबंध नव्हता. तीनशे तेरा आणि तीनशे अकरा, हा खरा निकाल तिच्या मुठीत होता. मार्चात तिचं कंत्राट वाढलं.

प्रभाकररावांनी गावाच्या तोंडाशी कमान बांधली. देखणी आहे, दोन्ही बाजूंना हत्ती आहेत. रपट्याचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी आखाडात तीन दिवस पाऊस कोसळला, आणि चौथ्या दिवशी सकाळी गोपाल रोजच्यासारखा कॅन घेऊन निघाला. रपट्यावरून जेमतेम गुडघाभर पाणी वाहत होतं, काठावरचे लोक नंतर सांगत होते. मोटारसायकल तिथेच झुडपात अडकलेली सापडली. गोपाल दुसऱ्या दिवशी सापडला, चार कोस खाली.

त्याला अंगणात आणून ठेवलं तेव्हा बाया आक्रोश करत होत्या. मंजुषाही त्यांच्यात बसली होती. त्या सगळ्या रडण्याच्या मधोमध तिला स्वच्छ ऐकू आलं, टूंऽऽ. तिने दचकून आजूबाजूला पाहिलं. तिथे वाजण्यासारखं काहीच नव्हतं.

तेव्हापासून तो आवाज लागला तो लागलाच. त्यात यशोदाबाईंनी घरातलं इन्व्हर्टर बंद करायला लावलं, ते बॅटरी उतरली की वाजतं आणि माझं डोकं उठतं म्हणून. मंजुषाने ते खुशीनेच बंद केलं.

पण आवाज एक वेळ परवडला. जया नाही परवडली. जया दर आठ-पंधरा दिवसांनी घरी यायची. कधी वाटीभर लोणी, कधी अंगणातली चार वांगी. यायची, यशोदाबाईंच्या खाटेजवळ खाली बसायची आणि त्यांचा हात हातात घ्यायची.

"साऱ्या गावात एकच मत मले पक्कं माहीत हाय, माय. तुमचं. बाकीचे तोंडावर हो म्हणत. त्याइचं कोनाले ठाव."

"हो व पोरी," यशोदाबाई म्हणायच्या.

हे ऐकताना मंजुषा चुलीपाशी पाठ करून उभी राहायची. एकदा तिचा हात भाजला, तरी ती वळली नाही. तिला वाटायचं, ही आंधळी म्हातारी किती विश्वासाने हो म्हणते आहे, आणि हिच्याच बोटाने मी काय करून ठेवलं.

मतदानाच्या दिवशी सासू-सुना सकाळीच निघाल्या. यशोदाबाईंनी धुवट लुगडं नेसलं होतं. शाळा फार लांब नाही, पण कमानीखालून जावं लागतं. कमानीच्या सावलीत गारवा लागला तशा त्या थांबल्या.

"हत्तीपाशी आलो का?"

"हो, आई."

मंजुषाला पुढे पाऊल टाकवेना. आत्ता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं. ही बाई एकटी आत जाईल, बोटाने मशीनचा काठ चाचपेल, आणि तिला सगळं आठवेल. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

"आई, मागच्या वेळी मी..."

"मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"मायं बोट होतं व ते. माया बोटाले नाई कळनार? त्या पुठ्ठ्याच्या मशीनवर तूच त शिकवलं मले, वरचा काठ लागला की लगेच पहिलं बटन. दहा डाव गिरवून घेतलं. त्या दिवशी काठ लागलाच नाई."

मंजुषा म्हणाली, "मंग तुमी बोलल्या काऊन नाई?"

"तुया हात ओलाचिंब झालता. मनलं, पोरगी कशात तरी अडकली हाय. वरडली असती त साहेब धावत आला असता, तुयी बेअब्रू झाली असती. अन् वाटलं, एका मतानं काय होते?" त्यांनी मंजुषाचं मनगट चाचपून धरलं. "दाबू देल्लं मी. तवा ते तू एकटीनं नाई दाबलं."

"आई..."

"इन्व्हर्टर कायले बंद केलं तुले वाटते? गोपालले आनलं त्या दिवसापासून मलेही तेच ऐकू येते."

मंजुषा कमानीला टेकली. दोन वर्षं एकाच घरात, एकाच भिंतीआड, दोघी तोच आवाज ऐकत बसल्या होत्या आणि एकमेकींपासून लपवत होत्या. तिला रडू आलं. यशोदाबाईंनी ते रडू द्यायला वेळ दिला नाही.

"मले सांगून काय फायदा? जयाले सांग. मी लय डाव ठरवलं. पन ती माया हात धरते अन् मी हो म्हणतो. माया तोंडून निंघत नाई व. तू सांग."

शाळेच्या फाटकाशी होमगार्डने यशोदाबाईंचा हात धरला. मंजुषा बाहेर थांबली. आत नाव पुकारलं, शाई लावली, मग काहीच ऐकू येईना. बराच वेळ गेला. रांगेतले लोक चुळबुळले. ती मनातल्या मनात ते बोट काठ शोधताना बघत होती. मग मशीन वाजलं आणि तिने डोळे मिटले.

डोळे उघडले तर समोर रस्त्यापलीकडे लिंबाखाली जया उभी. मत देऊन झालं होतं तिचं. एकटीच होती, मंजुषाला बघून हसली. मंजुषा तिच्याकडे चालत गेली. काय काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं, पण तिथे पोचल्यावर चारच वाक्यं निघाली. आईचं बोट, तिसरं बटन, माझं कंत्राट, तीनशे बारा. यात सगळं आलं.

जया ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, ते काढायचं तिला सुचलं नाही. मग तिने एकच विचारलं.

"मायले माहीत हाय हे?"

मंजुषाने शाळेकडे पाहिलं. यशोदाबाई बाहेर येऊन ओट्यावर बसल्या होत्या. शाई लुगड्याला लागू नये म्हणून बोट अंगापासून दूर धरून, कान इकडे लावून. खरं सांगायचं म्हणूनच ती इथवर आली होती. पण जयाकडे साऱ्या गावात आता ते एकच मत उरलं होतं, वाटीभर लोणी घेऊन जायला ती एकच खाट उरली होती. ती कशी हिसकावायची?

"नाई," मंजुषा म्हणाली. "तवा त्याइले काई माहीत नव्हतं, आत्ता येतानाच सांगतलं मी. त्याइनं तुमालेच देल्लं होतं."

तिच्या लगेच ध्यानात आलं, की आपण सासूचं मत दुसऱ्यांदा देऊन टाकलं.

जया तिच्या बाजूने निघून गेली, तिला न बघता. सरळ ओट्यापाशी जाऊन खाली बसली आणि यशोदाबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला.

"जमलं माय, एकटीले?"

"जमलं." त्यांनी चेहरा वर केला, मंजुषा कुठे आहे त्याचा अंदाज घेत. "सांगतलं का व तिनं तुले?"

"सांगतलं," जया म्हणाली. "जाऊ द्या माय. तुमी कायले मनाले लावून घेता? तुमी त मलेच देल्लं होतं."

यशोदाबाईंनी बोलायला तोंड उघडलं. जयाने त्यांचा हात आपल्या गालाला लावला होता, आणि गाल ओला होता. त्यांनी तोंड मिटलं.

आत शाळेत कुणीतरी मत दिलं. टूंऽऽ. ओट्यावरची म्हातारी आणि रस्त्यापलीकडची तिची सून, दोघी एकदमच दचकल्या. जया मात्र दचकली नाही.