भुऱ्याच्या पायाची चिंधी

मी चिंधी बोलतेय. नाक मुरडू नका, माझ्या अंगाला आता वास येत नाही. रुख्माआजीने मला तीनदा उकळून धुतलंय.

तसा माझा जन्म मोठ्या मानाचा. महाशिवरात्रीच्या यात्रेत आजीने हातभर पिवळं कापड घेतलं. आमच्या जंगलातल्या प्रतापगडावर महादेवाच्या पायरीला टेकवलं, उतरताना दर्ग्याच्या उंबऱ्यालाही टेकवलं आणि घरी आणून देवाजवळ ठेवलं. त्या कापडाची मी एक पट्टी. उदबत्तीच्या वासात मी फार ऐटीत होते.

भुऱ्या त्या घरचा कुत्रा. आजी मोहफुलं वेचायला निघाली की हा अस्वलाची चाहूल घेत पुढे. एकदा कुंपणाच्या तारेने त्याचा पुढचा पाय फाटला. जखम केवढी, तर चिंचोक्याएवढी. आजीची नात रीना बारावीला आहे. तिने गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "कोमट मिठाच्या पाण्याने रोज धू आणि रोज नीट पहा. सूज, पू, वास, काही वाटलं की लगेच घेऊन ये." रीनाने जखम धुतली. पण भुऱ्या ती सारखी चाटू लागला, म्हणून आजीने मला देवाजवळून काढलं, तीन वेढे दिले आणि गच्च गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी रीना कोमट पाणी घेऊन आली.

"आजी, सोडून पाहू दे."

"सोडू नोको! प्रतापगडचा कपडा हाये. बरं झाल्यावर आपोआप गळून पडते."

"डाक्टरनं रोज पाहाले सांगतलं ना!"

"देवापेक्षा डाक्टरले जास्त समजते काय?"

रीना पाणी तसंच घेऊन परत गेली. आणि मी? खोटं कशाला बोलू, मी फुशारले.

तिसऱ्या दिवशी माझ्याखालचा पाय गरम लागू लागला. चौथ्या दिवशी सुजला, मी मांसात रुतले. पू माझ्यात मुरत होता. बाहेरून मी तशीच पिवळी दिसावी म्हणून की काय, आजीने वरून हळद लावली. भुऱ्या मला दातांनी ओढायचा.

"काऊन तोडून राहिला बापा? बरं होऊन राहिलं ना!" आजी रागवायची.

तो ओशाळून मान खाली घालायचा. त्या बिचाऱ्याने आपल्या परीने सांगितलं होतं.

सहाव्या दिवशी आजी मोहाला निघाली, पण भुऱ्या उठला नाही. पेजेला तोंड लावेना. रीनाने पायाजवळ नाक नेलं आणि किंचाळली. तिचे वडील आसाराम यांनी मोटारसायकल काढली, रीनाने भुऱ्याला मांडीवर घेतलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मला कात्रीने कापलं. गाठ तशीच राहिली. आतलं पाहून ते रागावलेसुद्धा नाहीत. "दोन दिवस आधी आणायला हवं होतं," एवढंच म्हणाले. त्यांनी इंजेक्शनं दिली, पण विष अंगभर पसरलं होतं. परतीच्या वाटेवर रीनाच्या मांडीवरच भुऱ्याने मान टाकली.

त्याला मोहाच्या झाडाखाली पुरलं. रीना आजीशी बोलेनाशी झाली. भुऱ्याच्या साखळीसोबत मीही दवाखान्यातून घरी आले होते. आजीने मला फेकलं नाही, पण परत देवाजवळ ठेवायचा धीरही तिला झाला नाही. मी खुंटीवर आहे, भुऱ्याच्या साखळीशेजारी.

काल दुपारी मला घेऊन ती ओसरीवर बसली आणि नखांनी गाठ उकलू लागली. कापलेल्या चिंधीची गाठ सोडून आता काय मिळणार होतं? पण ती थांबेना. शेवटी रीना सुई घेऊन आली आणि शेजारी बसली. दोघींनी मिळून गाठ सोडवली. आत भुऱ्याचे दोन तांबूस केस निघाले.

"पाहू द्याले पायजे होतं वो तुले," आजी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली.

तुमच्याही दारात एखादा मुका जीव असेल. त्याला लागलं तर स्वच्छ चिंधी खुशाल बांधा. पण रोज सोडा आणि खाली काय चाललंय ते पाहा. देवाजवळची असले तरी मला हाक मारता येत नाही.