पहिल्या दिवसाची बातमी

शशिकला पनवेलजवळच्या कोन या गावची आशाताई, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका. गावात पोर जन्मलं की त्याच दिवशी तिला कळायला हवं, म्हणजे तिसऱ्या, सातव्या दिवशी घरी जाऊन ती त्याला तपासणार. पण गेल्या वर्षी तिचा नवरा बाळू वारला आणि गावानं तोंड शिवून घेतलं. पाचवी पुजेपर्यंत बाळावर विधवेची सावली नको, म्हणून बातमीच लपवायची. गरोदर बायांना गोळ्या द्यायला मात्र तीच चालायची. गोळ्यांना सावली नसते ना!

हौसामावशीच्या सुनेची, दिपिकाची, तारीख उलटून आठवडा झाला होता. शशिकला रोज विचारी, मावशी रोज सांगे, "नाय अजून." त्या दुपारी मात्र गच्चीवरच्या दोरीला चिमुकले लंगोट वाळत दिसले.

"मावशी, किती दिस झाले?"

हौसामावशी दारात आडवी उभी राहिली. "तिसरा. पनवेलला झाला, काल घरी आणला. पाचवी होऊ दे, मंग ये."

"मी आत नाय येत. एवढंच सांगा, दूध पितो ना?"

"लय गुणी हाय. सकाळपासून रडला नाय, प्यायला बी उठला नाय."

तीन दिवसांचं पोर इतकं गुणी नसतं. मागं फिरावं तर पोर हातचं जाईल. आत शिरावं आणि काही बरंवाईट झालं, तर गाव म्हणणार, हिच्या सावलीनंच खाल्लं. तिनं मावशीला बाजूला सारलं आणि आत गेली.

पोराचे पाय गार पडले होते. "दिपिका, त्याला उघड्या अंगाशी धर, वरून गोधडी घे," म्हणत तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला. मावशी मागून शिव्या घालत होती, मग ती रडायलाच लागली.

जंतुसंसर्ग निघाला. बारा दिवस काचेच्या पेटीत काढून पोर सुखरूप घरी आलं. बारशाला सारं गाव जेवलं, शशिकलाला बोलावणं नव्हतं. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला! एकटीपुरता भात लावला होता, तोही अर्धा उरला.

महिन्याभरानं हौसामावशीचा फोन आला. "शशे, शेजारच्या कल्पेशच्या बायकोला पोरगी झाली, घरीच. घंटाभर बी नाय झाला. पयलं तुलाच सांगते."

शशिकलानं लगबगीनं वजनकाटा पिशवीत टाकला.

"पण तू नको येऊ गं. दुसऱ्या कुणाला धाड. ती लोकं घाबरतात."

शेजारच्या गावच्या आशाताईला, निशाला, तिनं पाठवलं. संध्याकाळी निशानं फोनवर सांगितलं, वजन दोन किलो सातशे, अंगावर छान पिते. शशिकलानं वहीत लिहून घेतलं. वर्षभरात पहिल्यांदाच पहिल्या दिवसाचा रकाना भरला होता.

निशा फोन ठेवणार, तेवढ्यात शशिकलानं विचारलं, "कुणावर गेलीय गं?"