शेळी अजून सीताबर्डीतच

मित्रांनो, सोमवारी सकाळी मयुरीने मला उघडले आणि ती ओरडली, "सर, आपली गोष्ट कुठं गेली?" पान कोरे होते. बाकीच्या टॅबवरही कोरेच.

मी कोराडीच्या एका प्राथमिक शाळेतला जुना टॅब आहे. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे. वीजकेंद्राची राख माझ्यावर बसते. चौथीला शिकवणाऱ्या चारुलताबाई ती रोज पदराने पुसत. चौथीच्या मुलांची गोष्ट त्यांनीच सुरू केली. पान एकच, पण ते सगळ्या टॅबवर दिसे. प्रत्येकाने एक ओळ जोडायची. दुसऱ्याची ओळ मात्र खोडायची नाही. कोराडीची शेळी बसने सीताबर्डीच्या बाजारात गेली. वैभवने तिला साडीच्या दुकानात घातले, मयुरीने तिला पैठणी खाऊ घातली. शेळीला घरी आणायचे होते, तेवढ्यात बाई आजारी पडल्या. दवाखान्यातून मोबाईलवर त्यांनी एक ओळ जोडली. मग त्या गेल्या.

त्यांच्या जागी जितेंद्र सर आले. तपासणी जवळ आली होती. "काय कचरा भरलाय यात!" म्हणत त्यांनी माझ्यावरचे पान पुसले, वर पुसलेले जिथून परत आणता येते ती माझी कचरापेटीही रिकामी केली. त्यांना वाटले, एकाच टॅबवरचे गेले. अहो, पान सगळ्यांचे होते! कुठूनही पुसले तरी सगळीकडून जाते, हे चौथीच्या कोणत्याही मुलाने सांगितले असते. विचारले कोणी?

दुपारी बाईंचे यजमान बाबनराव बाईंचा मोबाईल घेऊन आले. त्यातही पान कोरेच होते.

"तिची ओळ मी वाचलीच नाही, सर. म्हणे, पोरं गोष्ट पुरी करतीन, मंगच वाचा."

"काका, आपण दुसरी गोष्ट लिहून घेऊ."

"दुसरी काहून? मडकं आहे का, फुटलं त दुसरं आनलं?"

सरांनी मला हातात घेतले. मयुरी उठली. "काका, मले माही ओळ पाठ आहे."

"माहीबी!" वैभव म्हणाला.

"तुही कुठली? माही पाहून त लिहिली होती!"

बाबनराव हसले आणि त्यांनी डोळे पुसले. मुले एकेक ओळ सांगत गेली, सरांनी ती माझ्यावर लिहिली. बाईंची ओळ मात्र अर्धीच आठवली : "शेळीला घरची आठवण आली, म्हणून ती..."

मुलांनो, माझ्यावरची राख खुशाल पुसा. पण लिहिलेले पुसण्याआधी ते कोणाचे आहे, एवढे विचारा.

ती ओळ अजून अर्धीच आहे. शेळी घरी आलेली नाही.